प्रश्नावली घरमालकालाही द्या

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांनी साताऱ्यातील शाळेत प्रवेश घेतला, म्हणून हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. भाषणांत त्यांच्या जिद्दीचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलेला तपशील शाळेच्या वागणुकीचा आहे. बसायला वेगळे गोणपाट आणि तेही रोज घरी न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. नळ शिपायाने उघडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही.

भेदभावावरचे संशोधन अशा तपशिलाच्या मागे लागायला हवे, असे माझे ठाम मत आहे. माझ्या पाहण्यातले विद्यार्थी प्रकल्प वस्तीत जातात, उत्पन्न, व्यसन आणि आजारपणाची प्रश्नावली भरून घेतात आणि परत येतात. ज्याला नाकारले त्याचीच मोजमापे. नाकारणारा मात्र प्रश्नावलीत कुठेच नाही.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांच्या २००७ मधील अभ्यासाने हेच उलटे केले. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले, फरक फक्त नावांत ठेवला. दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या साधारण दोन-तृतीयांश भरली. अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुल्लाइनाथन या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांबाबत याच पद्धतीने वंशभेद दाखवला होता. अशा प्रयोगात ‘गुणवत्ता कमी पडली’ म्हणायला जागाच उरत नाही.

आणि मनावरचा परिणाम? हॉफ आणि पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलय्याची कोडी दिली. जात पुकारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुले जवळपास बरोबरीत होती. सर्वांसमोर पुकारली, तशी दलित मुलांची कामगिरी घसरली.

साताऱ्यात खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला फोनवर आधी आडनाव, मग मूळ गाव, मग ‘पाहुणे कुठले?’ असे विचारले जाते आणि ‘खोली कालच गेली’ हे उत्तर येते. पाटी मात्र आठवडाभर तशीच लटकत असते. (‘आम्ही जातपात मानत नाही, फक्त शाकाहारीच हवेत’ हा त्यातला सभ्य प्रकार.) समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी दोन वेगळ्या आडनावांनी, त्याच प्रश्नांसह असे फोन करून नोंदी ठेवाव्यात. घरमालकांची नावे गुप्त ठेवावीत, कारण कोणाची बदनामी करायची नसून शहराची रीत तपासायची आहे. निष्कर्ष मात्र वस्तीतल्या समाजमंदिरात मराठीतून वाचून दाखवावेत. यात फोन आणि वहीपलीकडे फारसा खर्च नाही, तेव्हा मार्गदर्शक प्राध्यापकांनी येत्या वर्षीच्या विषयांच्या यादीत हा एक विषय घालावा.