डायला भेगा पाडते ते तापणे नव्हे, निवणे

ॲल्युमिनियमच्या प्रेशर डाय कास्टिंगबद्दल, म्हणजे वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात (डायमध्ये) भरून सुटे भाग ओतण्याच्या कामाबद्दल, एक सल्ला टूलरूममधून आणि मोबाइलवरून सारखा फिरत असतो. डाय वितळलेल्या धातूच्या उष्णतेने तडकते. म्हणून डायवर थंड करणारा फवारा (स्प्रे) भरपूर मारावा, भेग दिसली की वेल्डिंग करून घ्यावे आणि पुढची डाय अधिक कडक पोलादाची करावी, असा त्याचा आशय आहे. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात या सल्ल्यावर विसंबून लाखो रुपयांच्या डाय वेळेआधीच मोडीत निघतात, म्हणून त्याची नीट तपासणी व्हायला हवी.

उष्णतेनेच डाय तडकते, हे अर्धसत्य आहे. ॲल्युमिनियम साधारण ६५० ते ७०० अंश सेल्सिअसला साच्यात शिरते आणि डायसाठी वापरले जाणारे एच-१३ पोलाद त्या तापमानाला वितळण्याच्या जवळपासही जात नाही. घात होतो तो पृष्ठभाग आणि गाभा यांच्या तापमानातल्या फरकामुळे. धातूचा स्पर्श होताच वरचा पातळ थर प्रसरण पावू पाहतो, पण खालचे तुलनेने थंड पोलाद त्याला पसरू देत नाही, त्यामुळे तो दाबला जातो. फरक १०० अंशांचा असेल तर हा दाब साधारण ३४० मेगापास्कल भरतो. फरक ३०० अंशांवर गेला की तो हजाराच्या घरात पोहोचतो आणि तापून मऊ झालेला थर कायमचा किंचित चेपला जातो. मग कास्टिंग बाहेर पडते, स्प्रे बसतो आणि तोच थर सर्वांत आधी निवतो. आधीच आखूड झालेला हा थर आता चहूबाजूंनी ताणला जातो, आणि भेग पडते ती या ताणाने. प्रत्येक शॉटला, म्हणजे धातू भरण्याच्या प्रत्येक फेरीला, हेच घडते. जस्ताच्या डाय कित्येक लाख शॉट टिकतात आणि पितळेच्या फार लवकर जातात, याचेही मुख्य कारण हेच आहे: धातू जितका तप्त, तितका हा फरक मोठा.

गेटसमोरच्या, म्हणजे धातू साच्यात शिरतो त्या तोंडासमोरच्या, भागावर पडलेली बारीक भेगांची जाळी आधी कास्टिंगवर दिसते. भेगांत शिरलेल्या ॲल्युमिनियमच्या उंचावलेल्या रेषा नखाला सहज लागतात. भेगेत अडकलेला धातू आणि तिथे साचणारे ऑक्साइड पाचरीसारखे काम करतात, म्हणून जाळी एकदा पडली की ती झपाट्याने खोल जाते.

हे लक्षात घेतले तर ‘भरपूर स्प्रे’ हा उपाय उलटाच ठरतो. स्प्रे लागतोच, पण डाय थंड करण्याचे मुख्य काम आतल्या कूलिंग चॅनेलनी करावे. पाण्याचा जोरदार फवारा तप्त पृष्ठभागावर पडला की नेमका तोच घातक ताण वाढतो. सुरुवातीचे प्रीहीटिंगही याच कारणासाठी असते. डाय १८० ते २५० अंशांपर्यंत सावकाश, आतपर्यंत तापवली तर पहिल्या शॉटचा धक्का कमी होतो आणि पोलादाचा चिवटपणाही थंड अवस्थेपेक्षा वाढलेला असतो. बर्नरची ज्योत पाच मिनिटे फिरवून फक्त कातडी तापते.

वेल्डिंगबद्दल थोडक्यात: भेग मुळापर्यंत न खोदता आणि डाय न तापवता केलेले वेल्डिंग शेजारच्या पोलादात ठिसूळ पट्टा तयार करते, आणि पुढची भेग बहुधा तिथूनच निघते. वेल्डिंगनंतर, आधीच्या टेंपरिंगपेक्षा (कडक केलेल्या पोलादाला चिवटपणा देण्यासाठी पुन्हा तापवण्यापेक्षा) २०-२५ अंश कमी तापमानाला स्ट्रेस रिलीव्हिंग, म्हणजे आतला ताण घालवण्यासाठी तापवणे, टाळता येत नाही.

राहिला कडकपणा. अधिक कडक पृष्ठभागावर जाळी उशिरा पडते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु कडकपणा वाढतो तसा चिवटपणा घटतो, आणि मग जाळीऐवजी कोपऱ्यातून आरपार जाणारी एकच भेग डाय संपवते. म्हणून मोठ्या डायसाठी सहसा ४४ ते ४८ एचआरसीच्या (रॉकवेल सी, कडकपणाचे माप) पुढे जात नाहीत. शिवाय एकाच कडकपणाचे दोन इन्सर्ट (डायमध्ये बसवलेले आकार देणारे ठोकळे) अगदी वेगळे वागू शकतात. क्वेंचिंगच्या, म्हणजे तापवलेले पोलाद कडक करण्यासाठी झटपट थंड करण्याच्या, वेळी पोलाद रेंगाळत निवले तर कणांच्या सीमांवर कार्बाइड (कार्बनची कठीण संयुगे) जमतात आणि चिवटपणा जातो, पण दाखल्यावरचा एचआरसीचा आकडा तोच राहतो. मिनिटाला किमान २८ अंश हा निवण्याचा वेग उत्तर अमेरिकेतल्या डाय कास्टिंग उद्योगाच्या मानकात याचसाठी घातला आहे. हीट ट्रीटमेंट करणाऱ्याकडे दोन एचआरसी वाढवून मागण्यापेक्षा इन्सर्टला लावलेल्या थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या साधनाचा) क्वेंचिंगचा आलेख मागावा, आणि तो मिळत नसेल तर काम दुसरीकडे द्यावे.