पुसू नका म्हटलं ना!

मॅट, म्हणजे बिनचमकीच्या कलरची गाडी घ्यायची असेल तर बेळगावात राहू नका. राहणारच असाल तर पाहुणे, शेजारी आणि वॉशिंग सेंटर तिन्हींशी संबंध तोडा. आपल्याकडे उभ्या गाडीवर धूळ दिसली की माणसाच्या हाताला खाज सुटते. खिशातला रुमाल, खांद्यावरचा टॉवेल, कालचा पेपर, जे हाताला लागेल त्यानं घासतो. वर प्रेमानं सांगतो, ‘पुसून सोडलोय बघ.’

सोडलास ना बाबा. आता मी कुणाकुणाला सोडू?

गाडी दारात आली त्या दिवशी गल्लीतले मामा चक्कर मारून म्हणाले, ‘निस्ता प्रायमर मारून दिलेत काय? कलर कधी मारणार?’ मी हसलो. शोरूमवाल्यानं मॅटचे एवढे जास्तीचे पैसे घेतले, पण हे काय प्रकरण आहे ते एका शब्दानं सांगितलं नाही. डिलिव्हरीला मोठा केक कापला, फोटो काढला, हातात किल्ली. पॉलिश का चालत नाही हे मला कधी कळलं? पॉलिश होऊन गेल्यावर, मॅन्युअल उघडलं तेव्हा.

तर ऐका. या रंगाच्या वरच्या क्लिअर कोटमध्येच, म्हणजे पारदर्शक थरातच, सिलिकासारखी बारीक पूड मिसळलेली असते. त्यामुळे पृष्ठभाग डोळ्याला न दिसेल इतका खडबडीत राहतो, उजेड चहूकडे विखुरतो आणि गाडी चमकत नाही. एकाच जागी घासत बसलं की तो खडबडीतपणा सपाट होतो आणि तिथं चमक येते. ती चमक कायमची. साध्या गाडीला बारीक ओरखडा पडला तर कंपाउंड म्हणजे घासायची पेस्ट लावून रबिंग केलं की जातो. इथं रबिंग म्हणजेच नुकसान. मेण लावलं तर खळगे भरतात आणि डाग दिसायला लागतो. थोडक्यात, गाडीवर प्रेम करायचे आपल्याला माहीत असलेले सगळे प्रकार बंद.

पहिला मान भाच्याचा. २०२५ च्या जूनमध्ये आरसीबीनं एकदाचा आयपीएलचा कप जिंकला, त्या रात्री या पोरानं डिकीवरच्या वाळलेल्या चिखलात बोटानं ठळक ‘आरसीबी’ लिहिलं. चिखलात वाळूचे कण, वर बोटाचा दाब, म्हणजे सँडपेपरच की. चिखल धुतला, अक्षरं राहिली. दुपारी दिसत नाहीत. संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरकं झालं की एकेक अक्षर वर येतं. सतरा सीझन कप नव्हता तेव्हा पोरगं गप्प होतं, आणि नेमकी माझी गाडी आल्यावर जिंकायचं सुचलं यांना.

मग खंडेनवमी. आईला सांगितलं, हळदीकुंकू नंबर प्लेटला लाव, झेंडूची माळ आरशाला अडकव, बॉनेटला काही लावू नको. ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी देवालाच नको म्हणालो. शेवटी तेल-कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटच्या बरोबर मध्यभागी. तेलाचा डाग लगेच सौम्य शाम्पूनं उचलायचा असतो, पण पूजा झाल्या झाल्या स्वस्तिक पुसायची माझ्या घरात कुणाची छाती आहे?

ते निघावं म्हणून दुसऱ्या दिवशी वॉशिंग सेंटरला गेलो, आणि तिथं खरी माती झाली. पोराला तीनदा बजावलं, ब्रश नको, फक्त पाणी आणि शाम्पू. पाच मिनिटं चहाला गेलो. परत येतोय तर तो गोल गोल हात फिरवत घाम गाळतोय. ‘सर, पैसे देऊ नका, फ्रीमध्ये पॉलिश मारलोय!’ इतका खूश होता की ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बॉनेटच्या डाव्या बाजूला परातीएवढा चकचकीत डाग. वीस रुपये बक्षीस देऊन आलो, हे घरी सांगितलेलं नाही.

तेव्हापासून मीच धुतो. सकाळी ऊन चढायच्या आत, कारण आमच्या बोअरचं पाणी पत्र्यावर वाळलं की पांढरे ठिपके राहतात. एक बादली शाम्पूची, एक कापड खळबळायची. मऊ मायक्रोफायबर, सरळ हात, दाब नाही. पुसायचं नाही, टिपायचं. बाळाला अंघोळ घातल्यासारखं. दारात जांभळाचं झाड आहे, त्यावर वटवाघळं, म्हणजे पुढचं सांगायला नको. विष्ठा पडली की ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून अलगद उचलायची. काही तास उन्हात राहिली तर रंगाला खाते. ऑफिसातून सुट्टी मागताना कारण काय सांगू, वटवाघूळ?

आणि आता उसाचा सीझन. निपाणी रोडला ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर लोंबतोय. ओव्हरटेक करताना पाल्याचा ‘सर्र’ आवाज आला की माझ्याच अंगावर ओरखडा उठतो.

शेवटी उद्यमबागेतल्या पेंटरला बॉनेट दाखवलं. त्यानं तिरकं वाकून पाहिलं. म्हणाला, ‘टचअप होत नाही सर यात. अख्खं बॉनेट मारायला लागतं. तरी शेजारच्या फेंडरशी शेड जुळंलच म्हणून सांगत नाही.’ आकडा ऐकून घरी आलो आणि आईसमोर डोकं धरून बसलो.

तिनं बाहेर जाऊन त्या डागाकडे नीट बघितलं. ‘अरे, एवढंच तर नव्या गाडीसारखं दिसूलंय,’ म्हणाली. ‘त्या पोराला सांगून सगळी तशीच करून घे की.’