गिअरचा आकडा गायब झाला म्हणजे गिअरबॉक्स गेला, असे नव्हे

पावसाळा ओसरून रबीच्या पेरण्या सुरू झाल्या की आमच्या परभणी भागात मोटारसायकलींविषयीचा एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. मीटरवर गिअरचा आकडा चुकीचा येऊ लागला किंवा त्या जागी नुसती आडवी रेघ दिसू लागली, तर गिअरबॉक्स गेला असे समजून इंजिन लगेच खोलून घ्यावे, असे त्यात म्हटलेले असते. तोपर्यंत बॅटरीची वायर दहा मिनिटे काढून ठेवावी, गिअर ओळखणाऱ्या सेन्सरवर डिझेल मारावे, आणि यातले काहीच जमले नाही तरी बिघडत नाही, कारण तो आकडा निव्वळ शोभेचा असतो, असाही सल्ला पुढे असतो. ज्या आकड्यासाठी सुरुवातीला इंजिन खोलायला लावले, तोच शेवटी शोभेचा ठरतो. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांना यातली विसंगती कशी दिसत नाही, कोण जाणे.

पहिला मुद्दा गिअरबॉक्सचा, आणि खिशाला सर्वांत महागात पडणाराही तोच. आपण पायाने गिअर बदलतो तेव्हा इंजिनाच्या आत गिअर ड्रम ठरावीक अंतराने फिरतो आणि त्याच्या खाचांत अडकवलेले फोर्क, म्हणजे काट्यासारखे दांडे, गिअर सरकवतात. बहुतेक गाड्यांत सेन्सर या ड्रमच्या टोकाशी बसवलेला असतो आणि ड्रम कोणत्या जागी थांबला, एवढेच तो सांगतो. गिअरचे दात शाबूत आहेत की झिजले, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. म्हणून गिअर खरोखर झिजलेली गाडी चढावर जोर देताच खाटकन गिअर सोडते, इंजिनाचा आवाज एकदम चढतो, आणि तरीही मीटरवरचा आकडा बहुधा जागचा हलत नाही. याउलट गाडी सगळ्या गिअरांत नीट ओढत असेल आणि फक्त आकडा दिसत नसेल, तर दोष विजेच्या वाटेवर शोधायचा असतो, म्हणजे सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर किंवा मीटर यांत.

गेल्या सप्टेंबरात गंगाखेडकडचे एक शेतकरी त्यांची पाच गिअरची गाडी घेऊन माझ्याकडे आले. चौथा गिअर टाकला की आकडा गायब व्हायचा, बाकी सगळे ठीक. "भाऊ, हाफ इंजिन करावं लागल म्हणतेत, खरं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. हाफ इंजिन म्हणजे इंजिन अर्धे खोलून केलेली दुरुस्ती. "मामा, आधी कव्हर तर काढू द्या," म्हणून मी डाव्या बाजूचे स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, कव्हर उतरवले. आत चेनचे ग्रीस आणि आपली काळी माती यांचा बोटभर जाड थर बसून दगडासारखा कडक झाला होता. ओली असताना चिकटणारी आणि वाळताना आक्रसणारी ही माती सेन्सरच्या वायरी चेनच्या दिशेने ओढून धरते. इकडे हा दोष पावसाळ्यानंतरच का वाढतो, ते त्या थराकडे पाहिले की समजते.

त्या गाडीत प्रत्येक गिअरला वेगळी वायर होती आणि गिअर पडला की तीच वायर इंजिनाच्या धातूशी, म्हणजे अर्थिंगशी, जोडली जात होती. किल्ली बंद करून कनेक्टर सोडवला, गाडी मेन स्टँडवर घेतली आणि मागचे चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाकला. बंद गाडीत चाक न फिरवता गिअर नीट पडत नाहीत. वायर अखंड असली की बीप वाजवणाऱ्या मल्टिमीटरचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे त्या-त्या वायरीला लावले, तेव्हा बाकी सगळीकडे बीप वाजला, चौथ्या गिअरला मात्र वाजला नाही. वायरीचे आवरण वरून धड दिसत होते, पण चेनजवळच्या वळणावर दाबल्यावर ती मऊ लागली, कारण आतली तांब्याची तार तुटलेली होती. तुकडा जोडून डाग दिला आणि आकडा परत आला.

हीच तपासणी सर्व गाड्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही. काही सेन्सर एकाच वायरीवरून प्रत्येक गिअरला वेगळा रोध किंवा व्होल्टेज देतात, तिथे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्यांशी ताडून पाहावे लागते. काही गाड्यांत सेन्सरच नसतो आणि इंजिनाचे फेरे व चाकाचा वेग यांच्या गुणोत्तरावरून गिअर ठरवला जातो. अशा गाडीत क्लच दाबल्यावर रेघ दिसणे हा दोष नव्हे, आणि वेगळ्या दातांचे स्प्रॉकेट बसवल्यावर आकडा चुकला तर त्यात नवल नाही. वायरी वेगवेगळ्या असतील आणि एकच गिअर दिसत नसेल, तर त्या एका वायरीवर किंवा संपर्कबिंदूवर संशय घ्यावा. सगळेच आकडे गेले असतील तर आधी कनेक्टर पाहावा.

बॅटरीची वायर काढण्याने तुटलेली तार जुळत नाही. बॅटरी पुन्हा जोडताना कधी आकडा परत येतो, तो बहुधा त्या हलवाहलवीत सैल कनेक्टर क्षणभर नीट बसल्यामुळे. पहिल्या खड्ड्यात तो पुन्हा जातो, आणि मीटरमधले घड्याळ मात्र फुकट लावत बसावे लागते.

डिझेलने माती सुटते हे खरे, पण त्याचा तेलकट थर मागे राहतो, त्यावर नवी धूळ बसते आणि रबरी सील व ओ-रिंग फुगण्याची भीती असते. बाहेरचा मळ ब्रशने काढावा, कनेक्टरच्या पिनांवर काँटॅक्ट क्लीनर मारावा, आणि वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा पाइप तिथे रोखू देऊ नये. सेन्सर उघडायचाच असेल तर खाली स्वच्छ फडके अंथरावे, कारण काही गाड्यांत ड्रमच्या टोकातून बारीक पिन आणि स्प्रिंग निसटून पडतात आणि मातीत पडलेली स्प्रिंग शोधण्यात अख्खी दुपार जाते.

आकडा शोभेचा असतो, हे म्हणणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. अनेक गाड्यांत न्यूट्रलचा हिरवा दिवा याच सेन्सरवर चालतो आणि क्लच न दाबता स्टार्टर फिरू द्यायचा की नाही, हेही त्याच संकेतावर ठरते. न्यूट्रलची घासलेली वायर इंजिनाला टेकली, तर गाडी पहिल्या गिअरमध्ये असूनही हिरवा दिवा लागतो, आणि बटण दाबताच गाडी समोर उभ्या माणसावर झेप घेऊ शकते. मामांच्या गाडीत चौथ्या गिअरच्या वायरीला लागूनच न्यूट्रलची वायर होती आणि तिचेही आवरण एका बाजूने तांबे दिसेपर्यंत घासले होते. तिच्यावर स्लीव्ह, म्हणजे संरक्षक नळी, चढवली, दोन्ही वायरी चेनपासून दूर बांधल्या आणि मगच कव्हर बसवले.