छताचं कापड लोंबतं ते गोंदामुळे नव्हे

‘कारच्या छताचं कापड लोंबलं? स्प्रे ग्लू मारा, हाताने दाबा, तासाभरात काम फत्ते. दारांचे पॅनलही घरातल्या कुठल्याही कापडाने मढवा.’ हा सल्ला जोरात फिरतोय. यातलं ‘घरी करता येतं’ एवढंच खरं.

गोंद सुटला हे निदानच चुकीचं. छताच्या कापडाला मागून साधारण ३ मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम असतो आणि हा फोम छताच्या आकाराच्या कडक बोर्डाला चिकटवलेला असतो. वर्षानुवर्षं ऊन आणि दमटपणा सोसून फोमचाच भुगा होतो. कापडामागे बोट फिरवून बघा, पिवळट-तांबूस पूड हाताला लागेल. जुना गोंद बहुधा बोर्डावर शाबूत असतो, पण धरून ठेवायला फोमच उरलेला नसतो. नवा गोंद या भुग्यावरच बसतो. चार कडक उन्हं पडली की कापड पुन्हा खाली येतं, वर गोंदाचे डाग कायमचे. म्हणून बोर्ड गाडीबाहेर काढायचा आणि मास्क लावून ताठ ब्रशने फोमचा कण न् कण खरवडायचा. सगळी मेहनत इथे आहे, आणि सल्ल्यातून नेमकी हीच पायरी गायब!

कुठलाही स्प्रे चालत नाही. उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान ६० अंशांवर जाऊ शकतं, साधा गोंद तिथे मऊ पडतो. जास्त उष्णता सोसणारा काँटॅक्ट अ‍ॅडेसिव्ह घ्या. तो बोर्ड आणि कापड दोन्हींना लावून थोडा सुकू द्यायचा, मगच मधून कडांकडे दाबत जायचं.

कापडही फोम लावलेलं आणि ताणलं जाणारं हवं. पडद्याचं कापड खोलगट भागात बसत नाही, ओढून बसवलं तरी तिथूनच सुटतं.

दारांचं काम त्यामानाने सोपं, पण हँडलमागचे लपलेले स्क्रू न काढता पॅनल ओढलं तर क्लिप तुटतात. आतलं पाणी अडवणारं प्लास्टिक फाटू देऊ नका.

एअरबॅगबद्दल हा सल्ला गप्प आहे, याचा मला खरंच राग येतो. अनेक गाड्यांत छताच्या कडेला पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे बॅटरी सोडवून, सांगितलेला वेळ थांबूनच तिथे हात घाला. एअरबॅगची खूण असलेलं पिलरचं, म्हणजे काचांमधल्या खांबाचं, कव्हर घरी मढवूच नका. जादा कापड आणि गोंदामुळे ते ऐनवेळी नीट उघडेलच असं नाही.