राउटर घ्यावा तर आठ कांड्यांचाच

घरात नेट अडकायला लागलं की सगळ्यात आधी एक पथ्य पाळायचं: कारण शोधायचं नाही. शोधायला गेलात तर ते सापडण्याचा धोका असतो, आणि सापडलेलं कारण बहुतेक वेळा फुकटात दूर होणारं निघतं. दिवाळीचा सेल तोंडावर असताना हे कुणालाच परवडणारं नाही. तेव्हा सरळ मोबाइल उघडा, किमतीचा क्रम 'जास्त ते कमी' असा लावा आणि वरून पहिला दिसेल तो राउटर मागवा.

दोन-तीन कांड्यांचा, म्हणजे अँटेनांचा, राउटर हजार-दीड हजारात मिळतो, हे खरं. पण तो भिंतीवर टांगल्यावर पाहुण्यांच्या लक्षात तरी येतो का? वीस-पंचवीस हजारांचा, आठ कांड्यांचा राउटर मात्र हॉलमध्ये उताण्या पडलेल्या कोळ्यासारखा पसरतो आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे काय नवीन?" इथेच निम्मे पैसे वसूल. आता कुणी खवचटपणे म्हणेल की चांगल्यातल्या चांगल्या फोनलाही वायफायच्या दोनच अँटेना असतात, स्वस्तातल्या फोनला तर एकच, त्यामुळे राउटरला कितीही कांड्या असल्या तरी फोनशी त्याचं बोलणं दोन धारांतच होणार. उरलेल्या कांड्या लहरी तुमच्या दिशेला वळवायला थोडीफार मदत करतात म्हणे. करोत बापड्या. आपण त्या साडूच्या दिशेला वळवण्यासाठी घेतल्या आहेत.

खोक्यावरचा आकडा नीट वाचा आणि पाठ करा. समजा तिथे 'एएक्स 6000' असं छापलंय. हा आकडा येतो 2.4 गीगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यावरचे 1148 आणि 5 गीगाहर्ट्झवरचे 4804 एमबीपीएस यांची बेरीज करून, आणि वर थोडं उदार मन ठेवून. वायफाय 6 चा (खोक्यावरचं 'एएक्स' म्हणजे हेच) फोन सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर बसतो, तेव्हा ही बेरीज जगातल्या कुठल्याही एका फोनला कधीच मिळत नाही. दोन्ही पट्टे एकत्र वापरायची सोय पुढच्या पिढीच्या वायफाय 7 मध्ये आली, आणि तिच्यासाठी राउटरइतकाच फोनही नवा घ्यावा लागतो. तो विषय पुढच्या सेलसाठी राखून ठेवा.

मग तुमचा प्लॅन बघा. बघून लगेच विसरा, कारण तो बहुधा 100 एमबीपीएसचा असणार. नेटफ्लिक्सच्या म्हणण्यानुसार 4के चित्रासाठी 15 एमबीपीएस पुरतात. घरातल्या चौघांनी चार खोल्यांत चार वेगवेगळे सिनेमे एकाच वेळी 4के मध्ये लावले तरी 60 झाले. उरलेल्या 40 चं काय करायचं, याची चर्चा जेवताना सगळ्यांनी एकत्र बसून करावी. अर्थात सगळे एकत्र जेवायला बसलेच तर.

इथे एक गोष्ट जाणीवपूर्वक टाळायची आहे. राउटरच्या मागे जी निळी किंवा पिवळी वायर खुपसलेली असते, तिचं टोक बघू नका. तिच्यात आठ बारीक तारा असतात. आपल्याकडे घाईत जोडणी करताना कित्येकदा त्यातल्या चारच क्लिपमध्ये बसवतात, आणि चार तारांवर नेट 100 च्या पुढे जात नाही. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, आठही लागतात. तुम्ही 300 चा प्लॅन घेतला असेल आणि वर्षभर स्पीड टेस्टमध्ये न चुकता 94-95 येत असतील, तर गडबड बहुतेक वेळा इथेच असते, नाहीतर जुन्या राउटरच्या 100 वाल्या पोर्टमध्ये. क्लिपची किंमत पाच-दहा रुपये. एवढ्या क्षुल्लक वस्तूने एवढ्या मोठ्या खरेदीच्या आड यावं, हे शोभत नाही.

आता राउटर ठेवायचा कुठे? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात फार पूर्वीच ठरलेलं आहे: केबलवाल्याने जिथे भोक पाडलं तिथे. ते भोक दाराच्या वर, डक्टच्या बाजूला किंवा टीव्हीच्या मागे असतं, कारण त्या दिवशी त्याच्याकडची वायर तिथपर्यंतच पुरली होती. पुढची दहा वर्षं सगळं घर त्या भोकाभोवती फिरतं. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, मोकळ्यावर ठेवला तर तोच राउटर दुप्पट बरा चालतो हे सांगणारे लोक भेटतील. त्यांना विचारा, मध्यावर ठेवला तर वायर लोंबेल, ती कोण बघणार? हॉलची शोभा जाते. त्यापेक्षा पंचवीस हजारांचा राउटर टीव्ही युनिटच्या आत, लाकडी दरवाजामागे ठेवा. शेजारी सेट टॉप बॉक्स असू द्या, म्हणजे दोघं एकमेकांना गरम करतील. वर पत्रिका आणि लाइटबिलांचा गठ्ठा.

राउटर आणि झोपायची खोली यांच्यामध्ये लोखंडी कपाट असेल तर उत्तम. ते हलवायचा विचारही करू नका. त्यात आईच्या पैठण्या आहेत आणि ते वास्तूप्रमाणे लावलंय. कपाटाला पूर्ण उंचीचा आरसा असेल तर आणखी छान, कारण आरशामागचा धातूचा मुलामा लहरी परत पाठवतो. त्यापलीकडे बाथरूमची टाइल्सची भिंत, आत पाण्याने भरलेला पिंप. पाणी लहरी शोषून घेतं. एवढी तटबंदी भेदून तुमच्या उशाशी पोचेल असा राउटर अजून निघालेला नाही, पण किंमत वाढवत गेलात तर आशाही वाढत जाते, आणि माणूस शेवटी आशेवरच जगतो.

पुण्या-मुंबईच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना तर मी मनापासून शुभेच्छा देतो. तुमची इमारत मायवान शटरिंगची असेल तर आतल्या भिंतीही विटांच्या नाहीत. सगळ्या सळया घातलेल्या काँक्रीटच्या. बिल्डरने माहितीपत्रकात हे अभिमानाने छापलं होतं, आठवतंय? भूकंपाला उत्तम, खिळा ठोकायला अशक्य. 5 गीगाहर्ट्झच्या लहरी अशा दोन भिंतींनंतर हात टेकतात. 2.4 वाल्या जरा लांब जातात, पण तिथे गर्दी असते. त्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल जेमतेम तीन, 1, 6 आणि 11, आणि तुमच्या विंगमध्ये वर-खाली, डावी-उजवीकडे मिळून पंधरा-वीस राउटर सहज. शिवाय कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असतो आणि तोही नेमका त्याच पट्ट्यात गुरगुरतो. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन चॅनल बदलणं हा भेकडपणा झाला. आपण अधिक ताकदीचा राउटर घ्यावा आणि शेजाऱ्यांना धडा शिकवावा. सरकारने प्रक्षेपणाच्या ताकदीला मर्यादा घातली आहे, ती स्वस्त राउटरला आणि महाग राउटरला सारखीच, या तपशिलाकडे दुर्लक्ष करा. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचला तरी फोनच्या क्षीण आवाजातलं उत्तर राउटरपर्यंत पोचायला हवं, याकडेही. रेंजच्या पाच काड्या दिसताहेत आणि पान उघडत नाही, ही अवस्था तुम्ही पाहिली असेलच. निदान काड्या तरी दिसतात.

मेश नावाचा प्रकारही आहे. मिळून घरभर एकच वायफाय पसरवणारे तीन पांढरे डबे एका खोक्यात येतात आणि तीनमजली रो-हाउसमध्ये किंवा गावच्या लांबलचक घरात ते खरंच उपयोगी पडतात. म्हणून ते वन बीएचकेत लावा. साडेचारशे चौरस फुटांत तीन डबे, म्हणजे स्वच्छतागृहातही एक येतो. हे डबे आपापसात हवेतूनच बोलतात आणि त्या बोलण्यात नेटचा बराचसा वाटा खर्च होतो. त्यांना वायरने जोडलं तर हा प्रश्न उरत नाही. पण वायर म्हणजे भिंतीवर केसिंगपट्टी आली, आणि रंगकाम आत्ताच झालंय. राहू द्या.

अमेरिकेत भाचा असेल तर हा परिच्छेद खास तुमच्यासाठी. त्याला येताना राउटर आणायला सांगा. तिकडच्या सरकारने 6 गीगाहर्ट्झचा 1200 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा एप्रिल 2020 मध्येच विनापरवाना वापराला खुला केला. आपल्याकडे त्यातल्या खालच्या 500 मेगाहर्ट्झसाठीच्या नियमांचा मसुदा निघाला मे 2025 मध्ये. मधल्या पाच वर्षांत ज्यांनी तीन पट्ट्यांचा राउटर हौसेने मिरवला, त्यांच्या तिसऱ्या पट्ट्याने इथे पूर्ण विश्रांती घेतली. आणि 500 मध्ये वायफाय 7 चा 320 मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल बसतो तो एकच, तेव्हा सोसायटीत तो आधी कोण पटकावतं यावर पुढच्या वार्षिक सभेत ठराव येऊ शकतो. वॉरंटी न्यू जर्सीची असेल. बिघडल्यास भाचा पुन्हा येईपर्यंत थांबायचं.

मुलगा गेम खेळत असेल तर लाल दिव्यांचा गेमिंग राउटर घ्यावाच लागतो, त्याला इलाज नाही. दिव्यांचा रंग मोबाइलवरून बदलता येतो. गेमचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईहून सरळ रेषेत अंतर साधारण 3900 किलोमीटर. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन 39 मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत जात नाही. तुमच्या हॉलमधला राउटर त्यात भर घालतो ती थोड्या मिलिसेकंदांची. संगणकाला वायर जोडली तर तीही बरीचशी वाचते आणि मुख्य म्हणजे मधूनच बसणारे हिसके थांबतात. पण वायरला दिवे नसतात. मुलगा हरलाच, तर दोष देण्यासाठी काहीतरी महागडं समोर असावं, एवढी तरी सोय बापाने करून ठेवावी.

पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा एक चमत्कारिक समता प्रस्थापित होते. पंचवीस हजारांचा राउटर हजाराच्या राउटरइतक्याच तत्परतेने बंद पडतो. बाजारात 12 व्होल्टचा छोटा यूपीएस हजार-पंधराशेला मिळतो, राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्यावर काही तास निघतात. ज्यांच्याकडे तो असतो ते लोक अंधारात शांतपणे काम करत बसलेले दिसतात. त्यांच्या नादी लागू नका. तो यूपीएस दिसायला अगदी सामान्य असतो.

पासवर्डचंही सांगून ठेवतो. जोडणीला आलेल्या मुलाने तुमचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून ठेवला असेल. तोच राहू द्या, सगळ्या सोसायटीला तो पाठ आहे, पाहुण्यांना सांगायला बरं पडतं. राउटरमध्ये शिरायचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन', तोही तसाच. कंपनी या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं देणार, हा प्रश्न खरेदीच्या वेळी विचारणारे काही विक्षिप्त असतात. खरं म्हणजे महाग आणि स्वस्त राउटरमध्ये फरक पडला तर तो पुष्कळदा इथेच पडतो. पण हा फरक भिंतीवर टांगून दाखवता येत नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर महाग राउटरची खरी गरज असलेले लोकही आहेत. ज्यांच्या घरात कॅमेरे, बल्ब, एसी, टीव्ही, घंटी असं मिळून पन्नास गोष्टी नेटवर असतात, ज्यांचा प्लॅन 500 च्या वर आहे, किंवा जे घरातल्या घरात दोन संगणकांमध्ये व्हिडिओच्या भल्यामोठ्या फाइली हलवतात, ते. बाकी बहुतेकांचं काम गिगाबिट पोर्ट असलेल्या, तीन ते पाच हजारांच्या वायफाय 6 राउटरवर झकास भागतं. हे वाक्य सेल संपेपर्यंत कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवू नये, ही नम्र विनंती.

खरेदी झाली, की स्पीड टेस्ट राउटरपासून दीड फुटावर उभं राहून करायची. तिथे आलेल्या आकड्याचा स्क्रीनशॉट ताबडतोब ग्रुपवर टाका. साडू "आमच्याकडे 280 येतात" असं लिहितील. तेही दीड फुटावरच उभे आहेत हे ओळखून अंगठा दाखवा.

राहता राहिला जुना राउटर. तो घरात ठेवणं धोक्याचं. त्याच्या सेटिंगमध्ये अनेकदा 'ॲक्सेस पॉइंट' नावाचा पर्याय दडलेला असतो. एक लांब वायर टाकून तो घराच्या दुसऱ्या टोकाला लावला, की तिथे दणदणीत नेट येतं आणि पंचवीस हजारांचा हिशोब घरात कुणीतरी मागतं. तेव्हा येत्या रविवारी भंगारवाला खालून ओरडला की सगळ्यात आधी तो त्याच्या हवाली करा. अ‍ॅडॉप्टरसकट द्या. आणि ती लांब वायर असेल तर तीही.