‘मिस्ट’चं ‘थंडर’ झालं, पण मानधनाचं काय?

एक फॉरवर्ड फिरतोय: ‘अमेरिकेत अंतर्वस्त्रं घालून खेळणाऱ्या मॉडेल पोरींची लीग बंद पडली होती. आता नवे संघ घेऊन ती परत आली आहे, आणि बायकांचं खरं अमेरिकन फुटबॉल आत्ता कुठे सुरू झालंय.’ दोन ओळींत इतक्या चुका बसवणं हीही एक कलाच.

आधी ‘नवे संघ’ बघू. 2009 साली सुरू झालेली लाँजरी (म्हणजे अंतर्वस्त्र) फुटबॉल लीग 2013 मध्ये ‘लेजंड्स फुटबॉल लीग’ झाली. 2019 च्या अखेरीस ती गुंडाळली आणि लगेच ‘एक्स लीग’ची घोषणा झाली. कोरोनामुळे तिचा पहिला हंगाम 2022 पर्यंत लांबला. संघांची यादी वाचा: शिकागो ब्लिसचं ब्लिट्झ, सिएटल मिस्टचं थंडर, डेन्व्हर ड्रीमचं रश, लॉस एंजेलिस टेम्प्टेशनचं ब्लॅक स्टॉर्म. कालपर्यंत अत्तराच्या बाटल्यांवर शोभतील अशी नावं होती, आज वादळं आणि हल्ले आले. या संघांची शहरं मात्र तीच. याला नवे संघ म्हणायचं, तर पाटी रंगवलेलं दुकानही नवंच म्हणावं लागेल.

‘मॉडेल पोरी’ हा शिक्का 2004 चा. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतराच्या वेळेत पैसे भरून बघायचा ‘लाँजरी बोल’ झाला, त्यात खरोखर मॉडेल होत्या. पुढे लीग झाल्यावर मात्र निवड चाचण्या घेऊन खेळाडू घेतल्या गेल्या. खेळही सोपा नव्हता. सात विरुद्ध सात, मैदान जेमतेम 50 यार्डांचं, आणि पंट (लाथेने चेंडू लांब धाडणं) किंवा फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारणं) करून सुटका नाही, म्हणजे चौथ्या डाउनलाही, चेंडू पुढे नेण्याच्या शेवटच्या प्रयत्नालाही, पुढे घुसायचंच. त्यात पोट-मांड्या उघड्या. कृत्रिम गवतावर टॅकल होऊन घसरलं की कातडी सोलवटते. हेल्मेटला जाळी नाही, नुसती पारदर्शक काच. हा पोशाख प्रेक्षकांसाठी शिवला होता आणि त्याची किंमत खेळाडूंच्या गुडघ्या-कोपरांनी मोजली. 2013 नंतर कपडे थोडे बदलले; ‘थोडे’ हा शब्द मुद्दाम वापरतोय.

‘खरं फुटबॉल आत्ता सुरू झालं’ हे तर सपशेल चूक. ओहायोतला टोलेडो ट्रूपर्स हा बायकांचा संघ 1971 पासून खेळत होता आणि 1974 मध्ये नॅशनल विमेन्स फुटबॉल लीग उभी राहिली. अंगभर गणवेश, पूर्ण पॅड, अकरा विरुद्ध अकरा असं खेळणारी विमेन्स फुटबॉल अलायन्सही 2009 चीच, म्हणजे लाँजरी लीगच्याच वयाची. 2010 मध्ये स्टॉकहोमला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला 66-0 हरवलं. त्या संघातल्या कुणाचा फोटो या फॉरवर्डसोबत येत नाही, यात सगळं आलं.

उरला पैसा, ज्याबद्दल फॉरवर्ड गप्प आहे. लाँजरी लीगमध्ये सुरुवातीला तिकीटविक्रीतला वाटा मिळायचा, पुढे तोही थांबला. अलायन्समधल्या बहुतेक जणी नोकरी सांभाळून, स्वतःच्या खिशातून पैसे घालून खेळतात. 2021 मध्ये अलायन्समधल्या बोस्टन रेनेगेड्स संघाला अंतिम सामन्यासाठी ओहायोतल्या कँटनला जायला न्यू इंग्लंड पेट्रियट्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघाच्या मालकाने आपल्या संघाचं विमान दिलं, तर त्याची बातमी झाली.