विक्रेत्यांविषयीचे विधान एकांगी

वारीच्या वाटेवरचे किरकोळ विक्रेते वारकऱ्यांच्या अडचणीचा फायदा घेतात, हे लेखातील विधान मला पटले नाही. पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा सर्वांत लांब टप्पा असून त्या दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशीचा उपवास आणि वर दिवे घाटाची चढण असते. घाटमाथ्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा छत्रीखाली बसलेल्या चर्मकाराने तो शिवून दिला आणि दहा रुपयेच घेतले. शेजारच्या मावशींकडे उकडलेल्या शेंगा मिळाल्या, त्याही गरम. फुकट फराळाचे वाटप दिंड्यांची गर्दी असेपर्यंतच चालते, मात्र आमच्यासारख्या मागे रेंगाळणाऱ्या साठीपुढच्या वारकऱ्यांना (आमची संख्या थोडी नाही) टेकायला जागा याच लोकांच्या ताडपत्रीखाली मिळते.